चौथ्या पिंजऱ्याचा तळ

नाशिकला समुद्र नाही. तरीही पाण्याखाली फिरणारं यंत्र बनवायचं खूळ मी डोक्यात घेतलं, ते सातपूरच्या कारखान्यातून मुदतीआधी निवृत्ती घेतल्यावर. नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत सकाळी फिरायला निघणारी मंडळी एकमेकांची शुगर विचारतात आणि मला विचारतात, "काय पाणबुडीवाले, बुडाली का नाही अजून?" इतके दिवस मीही त्यांच्याबरोबर हसत होतो. ज्या चार दिवसांबद्दल इथे लिहितो आहे, त्यानंतर मात्र मला या थट्टेवर हसू आलेलं नाही.

यंत्र दिसायला अगदीच साधं आहे. पाच लिटरच्या कुकरएवढा डबा, पुढे कॅमेरा, दोन दिवे, चहूबाजूंना छोटे पंखे आणि मागे लांबच लांब पिवळी केबल. केबलचं दुसरं टोक लॅपटॉपला. होडीत बसून बटणं दाबायची, यंत्र खाली जातं आणि खालचं सगळं पडद्यावर दिसतं. परदेशांत भर समुद्रात जाळी टाकून मासे पाळतात, तिथे जाळ्याला भोक कुठे पडलं, तळाशी काय साचलं हे बघायला अशी यंत्रं सोडतात. आमच्याकडे समुद्राच्या जागी धरणं आहेत. धरणाच्या पाण्यावर पिंपांचा तराफा बांधायचा, त्याला खाली पिशवीसारखं जाळं लटकवायचं, की झाला पिंजरा. त्यात चिलापी मासा वाढवतात. आणि जाळं तपासायला अजून माणूसच श्वास धरून बुडी मारतो.

फोन आला तो भागाबाईंचा. आवाज पन्नाशीकडे झुकलेल्या बाईचा, मागे कोंबड्या.

"तुमचं मशीन माणसाच्या ऐवजी बुडी मारतं म्हणं. खरं हाय का?"

"खरं आहे."

"मंग या. लवकर या."

मी दराचं काही बोलायच्या आत फोन बंद झाला.

सावळघाटाच्या पलीकडे

शिवरात्र होऊन आठवडा झाला होता. मी आणि मुग्धा पेठ रस्त्यानं निघालो. मुग्धा माझ्याकडे काम करणारी इंजिनिअर, गंगापूर रोडची, वय सत्तावीस. यंत्र बनवलं मी असं मी सांगतो. चालवते ती, हे सगळ्यांना दिसतं. घाटात तिला गाडी लागली. मी लिंबू पुढे केलं तर म्हणाली, "काका, लिंबू नको, वळणं कमी घ्या." घाट काही माझ्या हातात नव्हता.

घाट उतरल्यावर मुलूख बदलतो. द्राक्षाचे मांडव मागे राहतात, उघड्या टेकड्या आणि मोहाची झाडं सुरू होतात. मोहाला नुकतीच पानगळ लागली होती. बोलणंही बदलतं, आमच्या नाशकात दुकानदार निम्मं हिंदी बोलतो, इथे रस्ता विचारला तर म्हातारा हात धरून वळणापर्यंत चालत येतो. धरणाचं नाव मी लिहीत नाही. नाव लिहिलं तर गाव कळेल, गाव कळलं तर बाई कळेल, आणि तिला आता पाहुण्यांची गरज नाही.

भागाबाईंचं घर धरणाच्या काठापासून हाकेच्या अंतरावर. शेणानं सारवलेली पडवी, कोपऱ्यात माशांच्या खाद्याची पोती. त्यांनी आम्हाला कोरा चहा दिला आणि आम्ही बशी खाली ठेवायच्या आत सगळं सांगून टाकलं. गावातल्या काही घरांनी मिळून चार पिंजरे घातले होते. भागाबाईंचा नवरा हिरामण गावातला सगळ्यात तयार पोहणारा. आठवड्यातून दोनदा तो पिंजऱ्यात बुडी मारायचा, मेलेली मासळी तळावरून उचलायचा, जाळं चाचपून बघायचा. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी चौथ्या पिंजऱ्यात उतरला तो वर आला नाही. धाकटा भाऊ देवराम होडीत होता, त्यानं उडी टाकून बाहेर काढला. पण तोवर उशीर झाला होता.

"आसरांनी पाय धरला," भागाबाई म्हणाल्या.

ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. साती आसरा म्हणजे पाण्यातल्या सात जणी. डोहात, विहिरीत, धरणात राहतात. त्यांची ओटी भरली तर सांभाळतात, विसरलं तर पाय धरतात. माझी आई येवल्याच्या विहिरीवर दहीभात ठेवायची तो यांनाच.

त्यानंतर कुणी पिंजऱ्यात उतरलं नव्हतं. वरूनच जाळीच्या झेल्यानं मेलेले मासे काढत होते. आता चौथ्या पिंजऱ्यातली मासळी रोज मरत होती, आणि देवराम म्हणत होता की तळ साफ केल्याशिवाय इलाज नाही, परवा मी उतरतो.

"त्याला उतरू द्यायचं नाय," भागाबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "एक गेला. दुसरा मी देणार नाय. तुमच्या मशीनला बघू द्या काय हाय ते, म्हणजे हा घरी बसंल."

एवढ्यात देवराम आला. पस्तिशीचा, काटक, खांद्यावर दोर. त्यानं नमस्कार केला, यंत्राची पेटी उघडून बघितली आणि म्हणाला, "खेकडाच हाय की." तेव्हापासून गावात यंत्राचं नाव खेकडा पडलं. मग त्यानं सरळ सांगितलं, "एक, दोन, तीन नंबर बघा साहेब. चौथ्यात नको."

"का?"

"चौथ्याचं मी बघतो."

मला ते आवडलं नाही. माणूस स्वतः जीव धोक्यात घालायला तयार आहे आणि यंत्राला नको म्हणतो, याचा अर्थ खाली काहीतरी लपवायचं आहे. कारखान्यात तीस वर्षं काढली की माणूस असाच विचार करायला शिकतो. माझ्या मनानं तिथल्या तिथे निकाल दिला: जाळ्याला भोक आहे, मासळी कुठल्या तरी बाजारात जाते आहे, आणि ते या गड्याला ठाऊक आहे.

रात्री जेवणात नागलीची भाकरी, उडदाचं घट्ट वरण आणि आमच्यासाठी खास चिलापीचं लाल कालवण. कालवण असं तिखट की मुग्धाच्या नाकातून पाणी आलं. भागाबाईंनी स्वतःच्या ताटात फक्त वरण घेतलं. मी मासा पुढे केला तर म्हणाल्या, "हे गेल्यापासून पाण्यातलं खात नाय. आमचं भांडण चालू हाय."

पहिले तीन पिंजरे

दुसऱ्या दिवशी सकाळी होडीतून पिंजऱ्यांकडे निघालो. होडीत चढताना मी घसरलो आणि गुडघ्यापर्यंत चिखलात गेलो. माझी एक चप्पल तिथेच राहिली, पुढचे दोन दिवस मी हिरामणच्या चपला घातल्या. त्या मला बरोबर झाल्या, हे मी उगीच मोठ्यानं बोलून दाखवलं.

पिंजऱ्यांभोवती फळ्यांची अरुंद वाट असते. भागाबाई त्या वाटेवरून खाद्य फेकत चालल्या होत्या आणि चालता चालता कुणाशी तरी बोलत होत्या. आधी वाटलं माशांशी. जवळ गेल्यावर ऐकू आलं.

"सात जणी असून एक माणूस परत देता येईना तुमाला. खायला घालते, नेसायला देते, तरी पोट भरंना. लाज वाटती का?"

देवराम वल्हं मारत म्हणाला, "रोज चालतं. भांडून झालं की घरी जाती." तो हे सांगताना हसला नाही.

खेकडा पाण्यात सोडला. वरचं पाणी हिरवट, हाताएवढं खाली गेलं की धुरकट, मग दिवे लावावे लागतात. पहिल्या पिंजऱ्याचं जाळं ठीक होतं, शेवाळ थोडं. मासे दिव्याला घाबरून बाजूला झाले आणि परत येऊन कॅमेऱ्याला तोंडं लावू लागले. लॅपटॉपवर ऊन पडू नये म्हणून मी छत्री धरून बसलो होतो, आणि पंधरा मिनिटांत गावातली पाचसहा माणसं दुसऱ्या होडीतून येऊन माझ्या छत्रीखाली डोकी घालून बसली. त्यांना आपलं जाळं आतून पहिल्यांदाच दिसत होतं.

दुसऱ्या पिंजऱ्याच्या तळाशी पडद्यावर गुलाबी काहीतरी दिसलं. मुग्धानं यंत्र जवळ नेलं. जरीच्या काठाचा खण. त्यात बांधलेला दगड, नारळ, हिरव्या बांगड्या. शेजारी दुसरा खण, पिवळा.

"वट्या हायेत त्या," भागाबाई म्हणाल्या. "दीड वर्षामागं मासळीचं बी सोडलं तवा घरटी एक दिली. मासे आसरांच्या पदरात घालायचे, म्हणून वटी पिंजऱ्यातच सोडायची. दगड बांधायचा, म्हणजे तरंगत जात नाय."

"मग हिरामण बुडी मारायचे तेव्हा काढत नव्हते का?"

त्यांनी माझ्याकडे मी काही अभद्र बोलल्यासारखं बघितलं. "दिलेलं काढायचं नसतं. हात लावायचा नसतो. हे बाजूबाजूनं साफ करायचे."

माझी सासुरवाडीही येवल्याचीच. सासरे मागावर बसायचे. ते एकदा मला म्हणाले होते, कापडालाही आयुष्य असावं, रेशीम विरतं, सूत विरतं, म्हणून देवाला चालतं. त्यांच्या वेळी विहिरीत टाकलेला खण एका पावसाळ्यात मातीला मिळायचा. पडद्यावरचे खण दीड वर्ष पाण्यात होते आणि दुकानातून आणल्यासारखे चमकत होते. ते सूत नव्हतं, सगळं नायलॉन-पॉलिस्टर. जाळ्याच्या तळावर ते अंथरल्यासारखे पडले होते. माशांची विष्ठा, उरलेलं खाद्य, मेलेली मासळी, काहीच खाली गळून जात नव्हतं.

मी हे समजावून सांगितलं. चांगलं सांगितलं असं मला वाटतं. भागाबाई ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, "मंग चौथ्यात जास्त आसंल?"

"का बरं?"

"हे तिथंच गेले ना. तवापासून दर आवसेला सगळ्या बाया तिथंच वटी सोडतो. म्हणजे पुन्हा कोणाला धरायच्या नायत." मग थोडं थांबून त्या म्हणाल्या, "आन माझं लुगडंबी तिथंच हाय. बी सोडलं तवा बाकीच्यांनी खण दिला. मी आख्खं लुगडं दिलं. हेंनी दिवाळीला आणलेलं, घडीसुद्धा मोडली नव्हती. कोरंच द्यायचं असतं. बाकीच्यांची माणसं काठावर राहणार व्हती, माझा माणूस आत उतरणार व्हता."

देवरामचं वल्हं थांबलं होतं. तो म्हणाला, "वैनी, ऊन लय झालं. चला." आणि तिसरा पिंजरा बाकी असतानाच, कुणी हो म्हणायच्या आत, त्यानं होडी काठाकडे वळवली.

त्या दुपारी माझा संशय पक्का झाला. मुग्धाला म्हणालो, बघितलंस, चौथ्याचा विषय निघाला की हा पळतो. ती केबल पुसत होती. म्हणाली, "काका, त्यांना नकोय तर राहू द्या ना. उद्या त्यांच्याशी बोलून बघू. काही तरी असेल."

"असेलच. म्हणून तर बघायचं."

या नद्या-धरणांच्या बाबतीत इथल्या बायांना नावं ठेवायला मी तयार नव्हतो. आमच्या नाशकात गोदावरीला सगळे गंगा म्हणतात आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधून निर्माल्य पुलावरून गंगेत भिरकावतात. पुलांना जाळ्या ठोकाव्या लागल्या. माझ्या घरचंही त्यात असतं. पण देवरामला नाव ठेवायला मी एका पायावर तयार होतो.

संध्याकाळी भागाबाई पडवीत आल्या. "भाऊजी आठ वाजता येतात. उद्या उतरणार म्हणून त्यांनी दोर काढून ठेवलाय. त्याच्या आधी आपण बघून घेऊ. मशीननं बघितलं म्हणजे त्यांना जायचं काम राहणार नाय."

मी लगेच हो म्हणालो. तिच्या डोळ्यांत दिराची काळजी होती. माझ्या मनात चोर पकडायची हौस होती, आणि ही गोष्ट मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे.

सकाळ

उजाडताना पाण्यावर वाफ होती. चौथ्या पिंजऱ्यापाशी पोचलो तेव्हा मासे पृष्ठभागावर तोंडं काढून हवा गिळत होते, शेकड्यांनी, आणि त्या तोंडांचा चपचप आवाज येत होता. खाली श्वास घेण्याजोगं पाणी उरलं नव्हतं. पाचपन्नास उलटे होऊन तरंगत होते. ऑक्सिजनचा मीटर टाकला तर तळाकडे काटा जवळजवळ हललाच नाही. वासही यायला लागला होता. मुग्धानं ओढणी नाकाला बांधली.

खेकडा आत सोडला. दोन-अडीच पुरुष खाली तळ. मी आयुष्यात तसं काही पाहिलं नव्हतं. जाळ्याचा तळ वजनानं खाली पोटासारखा ओघळला होता आणि त्यावर खणच खण, लाल, पिवळे, जांभळे, एकावर एक. मधूनमधून नारळ. बांगड्यांचे ढीग. त्यांच्यावर मेलेली मासळी पांढरी पडून पसरलेली. जाळं कुठेही फाटलेलं नव्हतं. मी चारही बाजू बघायला लावल्या. भोक नव्हतं, चोरी नव्हती.

"काका, हे बघा," मुग्धा म्हणाली.

कोपऱ्यात एक हिरवं कापड पाण्यात उभं होतं. एक टोक खाली दगडाला बांधलेलं, बाकीचं लांबलचक, पिळा पडून वर आलेलं आणि हळूहळू हलत होतं. लाल काठ, काठावर सोनेरी कोयऱ्या. पडद्यावर एकेक कोयरी मोजता येत होती.

"माझं लुगडं," भागाबाई म्हणाल्या, आणि हात जोडले.

मी म्हणालो, जवळ ने. मुग्धा म्हणाली, पंख्यात जाईल. मी म्हणालो, जरा जवळ. लुगड्याचा सैल पदर पंख्याच्या ओढीनं आला, गर्रकन एक वेढा बसला, दुसरा बसला, आणि मोटर थांबली. पडद्यावर नुसतं हिरवं कापड राहिलं. मुग्धानं सगळी बटणं दाबून पाहिली. यंत्र पुढे जाईना, मागे येईना, वर येईना. जितका जोर लावावा तितका पीळ घट्ट होत होता.

तिघंही ते बघत होतो. मुग्धा माझ्याकडे वळली. तिचा चेहरा उतरला होता. तिच्या लक्षात आलं होतं आणि त्याच क्षणी माझ्याही. कुकरएवढं यंत्र ज्यात असं अडकतं, त्यात माणसाचा पाय अडकला तर तो किती वेळ श्वास धरणार? मला वाटलं लॅपटॉप बंद करावा. पण मी तो चालूच ठेवला.

भागाबाईंच्या ते ध्यानात आलं नव्हतं. त्यांची चिंता वेगळी होती. "आता हे काढायला भाऊजी उतरंल," त्या म्हणाल्या. "नाय. वढा. केबल वढा."

केबल मजबूत असते, ती मीच निवडली आहे. तिघांनी मिळून ओढली. तळाचं जाळं हललं, खालून काळं पाणी उसळलं, मासे सैरावैरा झाले. हळूहळू खेकडा वर आला, त्याला गुंडाळलेलं लुगडं आणि लुगड्याच्या टोकाला पाट्याएवढा दगड. आम्ही सगळं फळ्यांवर ओढून घेतलं. तेवढ्यात काठावरून देवरामची हाक आली. त्यानं पाण्यावर आमची छत्री पाहिली होती. तो टायरच्या ट्यूबवर बसून हातांनी पाणी मारत येत होता, आणि येता येता ओरडत होता, "वैनी, हात लावू नका."

भागाबाई खाली बसल्या होत्या. दिलेल्याला हात लावायचा नसतो, पण आता लुगडं त्यांच्या मांडीवरच आलं होतं. त्या पीळ उलगडू लागल्या. खाली दगडाजवळ पीळ इतका घट्ट होता की बोटं शिरेनात. त्यांनी दातांनी ओढून सोडवला. आतून काळा दोरा निघाला. तुटलेला, त्यात एक निळा मणी.

देवराम फळीवर चढला तेव्हा तो दोरा त्यांच्या तळहातावर होता.

"हा मी बांधला व्हता," त्या मला म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात. "हेंच्या पायात. नजर लागू नये म्हणून. अंघोळ घातली तवा पायात नव्हता. सगळे म्हणले, आसरांनी नेला."

"वैनी, आसरांनीच..." देवराम बोलू लागला.

"पायाला वळ व्हता, दोन बोटं रुंद. त्यावर हळद लावली मी." त्यांनी लुगड्याचा काठ दोन बोटांत धरला. "आसरांच्या हाताला काठ नसतो, भाऊजी."

तो त्यांच्या समोर उकिडवा बसला. मासे तोंडं काढून हवा गिळत होते, तेवढाच आवाज.

"तुमाला ठावं व्हतं?" त्यांनी विचारलं.

"मीच सोडवला पाय," देवराम म्हणाला. "तीन वेढे व्हते. तिसरा सुटला तवा दादा गेलेला व्हता. वर आल्यावर तुम्ही काठावर उभ्या. तुमाला काय सांगू, तुमच्या लुगड्यानं धरला म्हणून? सगळे आसरा म्हणत व्हते, मीबी म्हणलो." मग तो म्हणाला, "ते काढून खोल पाण्यात सोडायचं व्हतं. दोनदा आलो. काठावर कपडे काढले. पण पाण्यात पाय घातला की दादा दिसतो. आता मशीन आलं म्हणल्यावर पुढं ढकलता येणार नव्हतं."

मग त्यानं माझ्याकडे बघितलं. मी शिव्या खायला तयार होतो, खरं तर मला त्या हव्या होत्या.

"सांगितलं व्हतं ना साहेब," तो म्हणाला. "चौथ्यात नको."

मी त्याची माफी मागितली. कशाची ते नीट सांगताही येईना, कारण मी त्याला चोर समजलो होतो हे त्याला माहीतच नव्हतं.

खडकावर

मला वाटलं बाई आता घरी जाऊन दार लावून घेईल. तसं झालं नाही. दुपारी भागाबाईंनी गावातल्या बायांना काठावरच्या खडकावर बोलावलं. मुग्धाला म्हणाल्या, "ते पडद्यावरचं दाखव." मुग्धानं माझ्याकडे पाहिलं. देवराम म्हणाला, "वैनी, नको. वट्यांनी मासे मेले एवढं सांगा, बास झालं."

"तेवढ्यानं कोण ऐकंल? माझ्यानं तरी ऐकलं आसतं का?"

लॅपटॉपभोवती बाया दाटीनं बसल्या. चित्र सुरू झालं तशी कुजबुज झाली. आपापला खण ओळखू येत होता. हिरवं लुगडं आलं तेव्हा भागाबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं.

"हे माझं. ह्यात हेंचा पाय गुतला. आसरांनी धरला नाय. मी दिलेल्यानं धरला." आणि त्यांनी तो दोरा सगळ्यांना दाखवला. "आता चौथ्यात जे हाय ते आपण वर काढायचं. पाप लागलं तर मला लागंल. पण भाऊजी किंवा दुसरं कोणी त्याच्यात उतरणार नाय."

एक म्हातारी रडू लागली. दुसरी कुणी तरी म्हणाली की असं बोलू नये, आसरा ऐकतात. मग तीच म्हातारी पहिल्यांदा उठली आणि तिनं पदर खोचला.

लांब बांबूंना लोखंडी आकडे बांधले, पंखा मोकळा केलेला खेकडा पुन्हा पाण्यात सोडला. मुग्धा पडद्यावर बघून सांगायची, डावीकडे, अजून थोडं खाली, आणि बाया फळीवरून आकडा फिरवायच्या. त्या दुपारी माझं यंत्र जे करायला मी बनवलं होतं तेच करत होतं, आणि उत्तम करत होतं. एरवी मी शंभर फोटो काढले असते. उन्हं कलेपर्यंत खडकावर ओल्या खणांची रास झाली. कुणी आपला खण मागितला नाही. कापड काढलं तसं तळातलं पाणी मोकळं झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हवा गिळणारे मासे निम्म्यानं कमी दिसले. हे नोंदवायला हवं म्हणून लिहिलं. त्या क्षणी त्याचा आनंद झाला असं म्हणणार नाही.

भागाबाईंनी हिरवं लुगडं वेगळं ठेवलं होतं. त्यांनी ते घरी नेऊन साबणानं धुतलं, पिळलं, आणि पडवीतल्या दांडीवर वाळत घातलं. दीड वर्ष पाण्यात राहूनही त्याचा रंग गेला नव्हता. आम्ही सामान बांधत होतो तेव्हा ते वाऱ्यावर हलत होतं आणि मी, मुग्धा आणि देवराम, तिघंही त्याच्याकडे पाठ करून काम करत होतो.

देवराम आता खेकडा चालवायला शिकतो आहे. मुग्धा दर पंधरा दिवसांनी जाते. त्या पिंजऱ्यांत कुणी बुडी मारत नाही. मला कुणी विचारलं की तुमच्या यंत्राचा उपयोग काय, तर सांगायला माझ्याकडे यापेक्षा चांगलं उदाहरण नाही, आणि मी ते आजवर एकाही गिऱ्हाइकाला सांगितलेलं नाही. ती चित्रफीत मुग्धाकडे आहे. मी परत पाहिलेली नाही.

निघताना मी हिरामणच्या चपला काढून पडवीत ठेवल्या. भागाबाई म्हणाल्या, राहू द्या, अनवाणी कुठं जाता. मी त्या पुन्हा घातल्या. गाडीपर्यंत भागाबाई सोबत आल्या. सकाळची खाद्य टाकायची वेळ होऊन गेली होती, आणि मला आठवलं की आज पिंजऱ्यांवर त्यांचा आवाज ऐकू आला नव्हता. त्या मुकाट्यानं खाद्य टाकून परत आल्या होत्या.

"साहेब, एक विचारू?"

"विचारा ना."

"इतके दिवस त्या सात जणींशी भांडत व्हते. रोज. मनातलं सगळं बोलून टाकायची, मंग घरी येऊन भाकर खायची." त्यांनी गाडीच्या दारावर हात ठेवला होता. "आता भांडू कोणाशी?"

त्यांनी थोडी वाट पाहिली, मग दारावरचा हात काढून घेतला आणि मुग्धानं गाडी सुरू केली.